सवलतीच्या विक्रीत पुस्तक स्वस्त का मिळते?

मुंबईत चर्चगेट स्थानकापासून थोड्याच अंतरावर, आयकर भवनाच्या मागील बाजूस सुंदराबाई सभागृह आहे. या सभागृहात ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ या पुस्तकालयाची सवलतीची वार्षिक ग्रंथविक्री अनेक वर्षे होत असे. लांबच लांब मेजांवर विषयवार पुस्तके मांडलेली असत आणि छापील किमतीवर २० टक्क्यांपासून थेट ८० टक्क्यांपर्यंत सूट मिळे. कचेरी सुटल्यावर आलेले कर्मचारी, वसतिगृहातील विद्यार्थी आणि हाती याद्या घेतलेले महाविद्यालयांचे ग्रंथपाल एकाच मेजाभोवती दाटीने उभे असत.

या पुस्तकालयाचे संस्थापक टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्यातील स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात अल्प भांडवलावर एक लहानसे दुकान मांडले. पुढे ते फोर्ट विभागात स्थिरावले. पुस्तक छापील किमतीलाच घ्यावयाचे, असा प्रघात असताना शानभाग यांनी प्रत्येक ग्राहकाला सवलत देण्याचा पायंडा पाडला आणि आलेल्या माणसाला पुस्तक हाती घेऊन निवांत चाळू दिले. भारत सरकारने २००३ साली त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. २००९ साली त्यांचे निधन झाले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ते पुस्तकालयही बंद झाले. तथापि, मोठ्या जागेत, थोड्या दिवसांसाठी, भरघोस सवलतीने पुस्तके विकण्याची ही रीत आता राज्यभर रुजली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचे मंगल कार्यालय, तालुक्यातील शाळेचे पटांगण, साहित्य संमेलनाचा मंडप, जिल्हा ग्रंथोत्सव अशा अनेक ठिकाणी तिचे दर्शन घडते.

या विक्रीला जाणाऱ्यांत स्वतःसाठी पुस्तक घेणारा वाचक असतो, तसेच दुसऱ्यांच्या वतीने खरेदी करणारेही असतात. गावच्या वाचनालयाचे कार्यवाह, शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामपंचायतीचे सदस्य हे त्यांपैकी होत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार शासनाचे अनुदान मिळते. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळांच्या ग्रंथालयांसाठी स्तरानुसार वार्षिक ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद करण्यात आली. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीतही ग्रंथालये व वाचनालये यांचा समावेश आहे. म्हणजे मंडपातील मेजावरून उचललेल्या पुस्तकासाठी पुष्कळदा सार्वजनिक पैसा खर्च होत असतो. तो थोडा असतो.

प्राथमिक शाळेचे ५ हजार रुपयेच उदाहरणादाखल घेऊ. सरासरी १५० रुपयांचे पुस्तक पूर्ण किमतीला घेतल्यास ३३ पुस्तके येतात, २० टक्के सवलतीत ४१ आणि ५० टक्के सवलतीत ६६. हे आकडे पाहताच निम्म्या किमतीच्या मेजाकडे पाय वळावेत, हे साहजिकच होय. परंतु त्या ६६ पुस्तकांपैकी मुलांनी २०च पुस्तके वाचली आणि बाकीची कपाटातच राहिली, तर वाचल्या गेलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी शाळेने २५० रुपये मोजले, असा हिशेब होतो. याउलट पूर्ण किमतीच्या ३३ पुस्तकांपैकी २५ वाचली गेली, तर तोच खर्च २०० रुपयांवर येतो. यास्तव सवलतीचा आकडा पाहण्याआधी खरेदीदाराने एक प्रश्न विचारला पाहिजे: हे पुस्तक स्वस्त का मिळत आहे?

स्वस्ताईची कारणे

पुस्तक छापताना अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रे, मुखपृष्ठ यांचा खर्च एकदाच करावा लागतो. प्रती हजार काढा वा पाच हजार, त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे एकदा यंत्र सुरू झाले की पुढील प्रत्येक प्रत स्वस्त पडते आणि प्रकाशकाला अधिक प्रती काढण्याचा मोह होतो. इंग्रजी पुस्तकांच्या मोठ्या प्रकाशनसंस्था ब्रिटन-अमेरिकेत हजारो प्रतींच्या आवृत्त्या काढतात. अंदाज चुकला की शिल्लक साठा गोदामात राहतो, त्याचे भाडे चढत जाते आणि शेवटी तो मिळेल त्या भावाने ठोक व्यापाऱ्याला विकला जातो. या मालाला धंद्यात ‘रिमेंडर’ म्हणतात. पुस्तकाच्या पानांच्या कडेवर काळ्या शाईची एखादी रेघ किंवा ठिपका दिसतो, तो याच मालाची खूण. ही प्रत पूर्ण किमतीची म्हणून कोणी प्रकाशकाकडे परत पाठवू नये, एवढाच त्या खुणेचा हेतू असतो. पुस्तकात काही खोट आहे, असा तिचा अर्थ नव्हे.

अमेरिकेत या व्यवहाराला एका न्यायालयीन निर्णयाने गती दिली. १९७९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने यंत्रचलित हत्यारे बनविणाऱ्या ‘थॉर पॉवर टूल’ या कंपनीच्या करविषयक प्रकरणात निकाल दिला. न विकलेल्या मालाची किंमत केवळ वहीत कमी दाखवून करात सूट घेता येणार नाही, तो माल खरोखर कमी भावाने विकला वा मोडीत काढला पाहिजे, असा त्याचा आशय होता. खटला हत्यारांचा असला तरी त्याचा फटका पुस्तकांच्या गोदामांना बसला. हळूहळू खपणारे पुस्तक वर्षानुवर्षे साठवून ठेवणे प्रकाशकांना महाग पडू लागले आणि शिल्लक प्रती लवकर बाहेर काढण्याकडे त्यांचा कल वाढला. ब्रिटनमध्ये १९०० सालापासून पुस्तक ठरलेल्या किमतीखाली न विकण्याचा प्रकाशकांचा करार होता. तो १९९५ साली ढासळला व १९९७ साली न्यायालयाने अवैध ठरविला. त्यानंतर तेथेही किमतींची चढाओढ सुरू झाली. आपल्याकडील मोठ्या शहरांत निम्म्याहून कमी किमतीत मिळणारी जाड बांधणीची इंग्रजी पुस्तके पुष्कळदा अशा शिल्लक साठ्यांतून समुद्रमार्गे आलेली असतात. अशी प्रत कोरी आणि उत्तम छपाईची असते. लेखकाच्या पदरी मात्र तिच्यातून फारसे काही पडत नाही, कारण निर्मितिखर्चाखाली विकलेल्या प्रतींवर अनेक करारांत मानधन अत्यल्प असते किंवा मुळीच नसते.

मराठी पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. येथे हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हीच दीर्घकाळ सर्वसाधारण मानली गेली. एवढ्या लहान आवृत्तीत शिल्लक साठ्याचे डोंगर उभे राहत नाहीत. येथील सवलत बहुधा मधली साखळी वगळल्याने मिळते. समजा, पुस्तकाची छापील किंमत २०० रुपये आहे आणि विक्रेत्याला ३५ टक्के कमिशन दिले जाते. तेव्हा प्रकाशकाच्या हाती १३० रुपये येतात. तेच पुस्तक त्याने प्रदर्शनात स्वतः ३० टक्के सवलतीने विकले, तर त्याला १४० रुपये मिळतात आणि ग्राहकाचे ६० रुपये वाचतात. यातून सभागृहाचे भाडे, वाहतूक आणि माणसांचे भत्ते वजा जातात, हे खरे. परंतु उधारी राहत नाही आणि रोकड त्याच दिवशी हाती येते. नव्या पुस्तकाच्या कागदाची सोय त्यातून होते. प्रकाशनपूर्व सवलतीमागेही हेच गणित असते. फरक इतकाच की तेथे वाचक पुस्तक निघण्याआधीच पैसे गुंतवितो. अशी सवलत निर्धास्तपणे घ्यावी.

याहून वेगळा एक प्रकार सावधपणे पाहण्याजोगा आहे. काही पुस्तकांची छापील किंमतच सवलत दाखविण्यासाठी फुगवलेली असते. दीड हजार रुपये किंमत छापलेला रंगीत चित्रांचा ‘ज्ञानकोश’ तीनशे रुपयांत मिळतो, तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या सवलतीचे समाधान मिळते. परंतु तो पूर्ण किमतीला कोणी, कधी घेतला असेल काय, याचा विचार क्वचितच होतो. लेखकाचे वा संपादकाचे नाव नसलेल्या आणि आवृत्तीचे वर्ष न छापलेल्या अशा ग्रंथांना छापील किमतीच्या मापाने मोजण्यात अर्थ नाही.

आणि चौथा प्रकार थेट बेकायदेशीर आहे. गाजलेल्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती पदपथावर आणि काही वेळा मंडपातही मिळतात. फिकट वा पसरलेली शाई, तिरकी छपाई, हात लावताच सुटणारी बांधणी आणि मुखपृष्ठाचा धुरकट रंग यांवरून त्या ओळखता येतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये अशा प्रती छापणे व विकणे हा गुन्हा आहे. सार्वजनिक ग्रंथालयाने तर त्यांना दाराशीही उभे करू नये.

कालबाह्य पुस्तकांचा प्रश्न

स्वस्ताईचे सर्वांत फसवे कारण म्हणजे पुस्तकाचे वय. कथा, कादंबरी, कविता, चरित्र, प्रवासवर्णन यांना वयाची बाधा सहसा होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची चांगली कादंबरी आजही चांगलीच असते आणि निम्म्या किमतीत मिळाल्यास तिच्यासारखी खरेदी नाही. माहितीपर पुस्तकांना मात्र हा न्याय लावता येत नाही. विक्रेत्याच्या दृष्टीने दोन्ही जुना साठाच असल्याने ती एकाच मेजावर, एकाच सवलतीत मांडली जातात.

भारतीय दंड संहितेवरील जाडजूड भाष्यग्रंथ आज अत्यल्प किमतीत मिळू शकतो. कारण उघड आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. जुन्या प्रकरणांचा अभ्यास करणाऱ्या वकिलाला तो ग्रंथ उपयोगी पडेल. गावच्या वाचनालयातून कायदा समजून घेऊ पाहणाऱ्या सदस्याची मात्र तो दिशाभूल करील. महाराष्ट्राच्या ज्या नकाशासंग्रहात पालघर जिल्हा दिसत नाही, तो १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले, तरी नऊ ग्रहांची रंगीत पुस्तके अजूनही सवलतीच्या मेजावर आढळतात आणि स्वस्त म्हणून शाळांत पोहोचतात. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांबद्दल तर सांगावयासच नको. अभ्यासक्रम बदलला की त्यांची किंमत रद्दीएवढीच उरते.

येथवर हानी झाली तर ती ज्ञानाची. शेती आणि आरोग्य या विषयांत ती अधिक गंभीर होऊ शकते. एंडोसल्फान या कीटकनाशकाचे उत्पादन, विक्री व वापर यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. त्यापूर्वीच्या पीकसंरक्षणाच्या पुस्तकांत या औषधाची शिफारस मात्रेसह छापलेली असे. प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत सर्पदंश झाल्यास जखमेवर चीर देऊन रक्त चोखून काढावे, वर घट्ट आवळून बांधावे, असे सांगितलेले आढळते. आजचे वैद्यकीय मार्गदर्शन याच्या नेमके उलट आहे. चीर देऊ नये, चोखू नये, रक्तप्रवाह थांबेल असे आवळू नये. दंश झालेला अवयव न हालेल असा ठेवून रुग्णाला धीर द्यावा आणि विनाविलंब सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे, असे ते सांगते. ज्या गावापासून रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहे, तेथे असे पुस्तक कपाटात असण्यापेक्षा नसलेले बरे. छापील शब्दावर ग्रामीण वाचकाचा विश्वास अधिक असतो आणि ‘वाचनालयाच्या पुस्तकात दिले आहे’ या वाक्याला गावात वजन असते.

यावर उपाय सोपा आहे. पुस्तक उघडताच मुखपृष्ठानंतरच्या दोन-तीन पानांत प्रकाशनाचा तपशील असतो. त्यात प्रथमावृत्तीचे, सुधारित आवृत्तीचे व पुनर्मुद्रणाचे वर्ष पाहावे. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापला, एवढेच. मजकूर तपासून बदलला असेल तर ‘सुधारित आवृत्ती’ असा उल्लेख असतो. विक्रेते या दोहोंत भेद करीत नाहीत. खरेदीदाराने तो केला पाहिजे. कायदा, आरोग्य, शेती, संगणक, भूगोल या विषयांचे वर्ष न सापडणारे पुस्तक सवलत कितीही असली तरी परत मेजावर ठेवावे.

किलोने आणि खोक्याने

अलीकडे पुस्तके वजनावर किंवा खोक्याच्या हिशेबाने विकण्याची पद्धत आली आहे. ग्रंथ किलोने विकला जावा, याचे अनेकांना दुःख होते. ते समजण्याजोगे असले तरी व्यवहार म्हणून ही पद्धत समजून घेतलेली बरी. रंगीत चित्रांसाठी वापरला जाणारा गुळगुळीत कागद खनिजाच्या लेपामुळे जड असतो, तर कादंबऱ्यांचा खरबरीत कागद फुगीर पण हलका असतो. परिणामी वजनावर घेताना साध्या बांधणीची कथा-कादंबऱ्यांची पुस्तके स्वस्त पडतात आणि सचित्र ग्रंथ महाग. खोक्याचा दर ठरलेला असेल, तेथे वजनाला महत्त्व नसून आकारमानाला असते, म्हणून लहान मुलांची पातळ सचित्र पुस्तके घेणे फायद्याचे ठरते. एका खोक्यात ती कितीतरी अधिक मावतात. मात्र खोके भरण्याच्या ओघात शेवटची चार-पाच पुस्तके केवळ जागा उरली म्हणून टाकली जातात आणि पुढे तीच कपाटात पडून राहतात.

अशा विक्रीत पुस्तके परत घेतली जात नाहीत, ही अट बहुधा असतेच. तेव्हा प्रत जागेवरच तपासावी. छापखान्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधले जाते. एखादा फर्मा गळालेला, दोनदा लागलेला किंवा उलटा शिवलेला असू शकतो. पृष्ठांक सोळाच्या टप्प्याने चाळले की ही चूक मिनिटभरात ध्यानी येते. अनेक खंडांच्या संचातील सुटा खंड मोहात पाडतो. उरलेले खंड मिळण्याची खात्री असेल तरच तो घ्यावा. ओलीचे डाग आणि कसरीची बारीक छिद्रे असलेले पुस्तक तर घेऊच नये, कारण ते आपल्याबरोबर कपाटातील इतर पुस्तकांनाही तोच रोग लावते.

यादी करून जाणे

सुंदराबाई सभागृहात येणारे जाणते ग्रंथपाल हाती यादी घेऊन येत, याचा उल्लेख वर आलाच आहे. गावच्या वाचनालयालाही हे सहज जमण्यासारखे आहे. देवघेवीच्या मेजावर वर्षभर एक मागणी-वही ठेवावी. सभासदाने मागितलेले आणि न मिळालेले पुस्तक तीत नोंदवावे. शिक्षकांनी वर्गातील मुले कोणती पुस्तके पुन्हा पुन्हा नेतात हे पाहावे. फाटून गेलेल्या पुस्तकाची नवी प्रत ही बहुतेक वेळा सर्वांत चांगली खरेदी असते. एकाच व्यक्तीवर निवड सोपविण्यापेक्षा एखादी शिक्षिका, एखादा तरुण शेतकरी आणि शक्य असेल तर नियमित वाचणारा एखादा विद्यार्थी यांना बरोबर न्यावे. त्यांची निवड एकमेकांशी जुळत नाही, आणि तेच वाचनालयाच्या हिताचे असते. पहिल्या दिवशी निवडीला वाव अधिक असतो. शेवटच्या दिवशी सवलत वाढविली जाते, पण तोवर मागणीची पुस्तके बहुधा संपलेली असतात. ठरलेल्या रकमेतील तीन-चतुर्थांश यादीसाठी आणि उरलेली रक्कम मेजावर अनपेक्षितपणे सापडणाऱ्या पुस्तकासाठी, अशी वाटणी व्यवहार्य ठरते. असे पुस्तक सापडणे हीच तर प्रदर्शनाला जाण्यातील गंमत आहे. केवळ यादीच पुरी करावयाची तर टपालानेही पुस्तके मागविता येतात. पुस्तकांसाठी डाक विभागाने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही कमी दराची सेवाही सुरू केली आहे.

शासनाची आपली प्रकाशने या संदर्भात पुष्कळदा विसरली जातात. त्यांची मूळ किंमतच निर्मितिखर्चाच्या आसपास ठेवलेली असते. १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेले महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन व भाषणांचे खंड शासनाने १९७९ पासून काढले. अशी पुस्तके शासकीय ग्रंथागारांत छापील किमतीला घेतली तरी सवलतीच्या मेजावरील त्याच आकाराच्या ग्रंथांपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतात. मराठी विश्वकोश तर आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. ज्या शाळेत संगणक व जोडणी आहे, तिने अनामिक ज्ञानकोशावर तीनशे रुपये तरी का खर्चावेत?

खरेदी आटोपल्यावर देयकाकडे दुर्लक्ष होते. विक्रीच्या गर्दीत ‘पुस्तके, एकूण रुपये अमुक’ अशी एका ओळीची पावती हाती पडते आणि लेखापरीक्षणाच्या वेळी ती अडचणीची ठरते. पुस्तकाचे नाव, प्रतींची संख्या, छापील किंमत, सवलतीचा दर व प्रत्यक्ष दिलेली रक्कम असा तपशील मागून घ्यावा. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. देयकात तो लावलेला दिसल्यास तेथेच विचारणा करावी. दाखल नोंदवहीत छापील किंमत आणि दिलेली किंमत या दोन्हींची नोंद ठेवावी. पुढेमागे सभासदाकडून पुस्तक हरवले, तर निम्म्या किमतीत घेतलेली प्रत बाजारात पुन्हा त्या किमतीला मिळत नाही. भरपाई कोणत्या किमतीने घ्यावयाची, हे कार्यकारी मंडळाने आधीच ठरवून ठेवलेले बरे.